पाखरं टाळतात ती जागा

३ मार्च

पोचलो. ताईने दिलेल्या वहीचं पहिलं पान चांगल्या बातमीने सुरू होतंय याचा आनंद आहे. बसमध्ये मळमळलं नाही, पेटीचं कुलूप शाबूत राहिलं आणि समुद्र मी समजलो होतो त्यापेक्षा बराच कमी आवाज करतो.

माझं बिऱ्हाड गावाच्या शेवटच्या वळणावरच्या घरात आहे. मालक पूर्वी होडी चालवायचे, आता गुडघे ऐकत नाहीत. त्यांना काका म्हणायचं ठरवलं आणि त्यांच्या बायकोला काकू. दोघांनी हरकत घेतली नाही. माझी खोली वरच्या मजल्यावर: लोखंडी खाट, पारा उडालेला आरसा, समुद्राकडे खिडकी, भिंतीत खुंट्या. एका खुंटीवर जाड राखी कोट आधीपासूनच टांगलेला होता. माझ्या आधी या कामावर होता त्याचा. काकू म्हणाल्या, खुशाल वापर, तो काही न्यायला येत नाही. गेल्या वसंतात काम अर्ध्यावर टाकून पळाला, जाताना ‘येतो’ एवढं म्हणायचंही त्याला सुचलं नाही. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, चिमणीएवढं खाणारा माणूस टोकावरच्या वाऱ्यात टिकेल की त्याला दगड बांधावा लागेल?

पळालेल्या माणसाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. मी नववीत शाळा सोडली. छापखान्यात मुद्रितं तपासायचो, ते सोडलं. औषधांच्या दुकानात महिनाही भरला नाही. मला भीती वाटते, आणि कशाची ते दरवेळी वेगळं असतं. भावजी मला ससा म्हणतात. निघताना ताईला म्हणाले, बघ, आठवड्यात ससा बिळात परत. ताईने ही वही तेवढी पेटीत कपड्यांच्या वर ठेवली.

शेवटचा पक्षी जाईपर्यंत इथून हलायचं नाही. शाईने लिहितोय, म्हणजे खोडता येणार नाही.

४ मार्च

कामाची जागा म्हणजे जमिनीचं समुद्रात घुसलेलं टोक. त्याच्या अगदी कडेला फळ्यांची चौकी. आत स्टूल, किटली, स्टोव्ह आणि तिपाईवर दुर्बीण. समोरची फळी खाली पाडली की खिडकी होते. पायवाट एकच, तिला दोर बांधलेला आहे. वाऱ्यात तो धरून यायचं.

पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या कचेरीतल्या बाईंनी काम नीट समजावून दिलं आहे. समोर समुद्रात एक काळा खडक आहे, त्याला इथे म्हातारी म्हणतात. दुर्बीण म्हातारीवर रोखून घट्ट करायची. वसंतात समुद्रपक्षी उत्तरेला जातात. जो म्हातारीसमोरून गेला तो लिहायचा. पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवायची नाही. बाई म्हणाल्या, पक्ष्याच्या मागे लागणारा माणूस एक पक्षी बघतो आणि बाकीचे घालवतो. तू जागेवर राहा, तेच येतील.

हे वाक्य मला फार आवडलं. जागेवर राहणे, एवढंच माझं काम.

आज राखी पाठीचे दणकट कुरव गेले, दुभंगलेल्या शेपटीचे चपळ सुरय गेले, आणि ते मोठे पांढरे, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. ते उंचावरून पंख मिटून सरळ पाण्यात घुसतात. काका त्यांना बाण म्हणतात. मीही तेच म्हणणार.

जेवताना एक कुरवी चौकीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिचा एक पाय अर्धवट आहे. मी हाकललं, ती हलली नाही. मी हातवारे केले, पाय आपटला. ती माझ्याकडे शाळेतल्या मुख्याध्यापकांसारखी बघत राहिली. शेवटी माझा पाव तिने खाल्ला. तिचं नाव लंगडी. वाऱ्याला भीत नाही, मला भीत नाही. शिकण्यासारखं आहे.

११ मार्च

आठवडा झाला. भावजींना सांगायला हवं.

हात बसला आहे. आता पंखांच्या मारण्यावरून लांबूनच पक्षी ओळखू येतो. कोटही अंगाला बसला. त्याच्या खिशात वाळलेले माशाचे खवले निघाले, झटकले तरी शिवणीत काही राहिलेच.

एक गोष्ट टिपून ठेवतो, कारण ती कचेरीच्या तक्त्यात बसत नाही. बाण रांगेने येतात, मोत्यांच्या सरासारखे. म्हातारीच्या अलीकडे पाण्यावर एक जागा आहे, तिथे आले की रांग फाटते. काही वरून जातात, काही खालून, पुढे परत एक होतात. ओढ्याच्या पाण्यात दगड असला की पाणी कसं फाकतं, तसं. पण तिथे दगड नाही. काहीच नाही.

१४ मार्च

काकांच्या फोनवरून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खडकावर आपटून वारा वर उसळतो, पक्षी ती उसळी टाळतात. पटलं. मन हलकं झालं.

आज वारा अजिबात नव्हता. समुद्र तेलासारखा. तरीही रांग फाटली.

१९ मार्च

ती जागा सरकली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हातारीला लागून होती. आता म्हातारी आणि टोक यांच्या मध्यावर आहे. दुर्बीण हलली असेल म्हणून सगळे स्क्रू तपासले. घट्ट होते.

रात्रीच्या जेवणाला काकांना सांगितलं. ते बराच वेळ बटाटा सोलत राहिले. मग म्हणाले, आधीचाही हेच विचारायचा. मी विचारलं, तुम्ही काय सांगायचात? म्हणाले, समुद्रावर दिसेल ते सगळं विचारायचं नसतं, हेच सांगायचो. काकूंनी मध्येच सांगितलं की त्या माणसाला आमच्याकडे कोणी फार मनावर घ्यायचं नाही, आणि वाढलेलं संपव.

झोप बरी लागली नाही. पण सकाळी दोर धरून वर गेलो. लंगडी आधीच हजर होती.

२५ मार्च

आज माझ्या हातून चूक झाली. नीट क्रमाने लिहितो.

लांबचे पक्षी जवळून बघायचे असले की पक्षी बघणारी माणसं एक युक्ती करतात. मासळीची आतडी, डोकी, तेलकट घाण पाण्यात टाकायची. वासावर पाखरं कुठून कुठून येतात. मला ती जागा जवळून बघायची होती. म्हटलं, ती जागा दिसते ती फक्त पाखरांमुळे, मग पाखरंच इकडे आणू. काकांकडून धक्क्यावरची बादलीभर घाण मागवली. त्यांनी दिली, पण देताना बादलीची कडी लवकर सोडली नाही.

टोकावरून खाली ओतली. थोड्याच वेळात आभाळ भरलं. कुरव, सुरय, वरून बाण कोसळताहेत, खालचं पाणी पांढरं. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. ऊन लख्ख होतं.

आणि त्या गर्दीच्या मधोमध एक भोक होतं.

गोल नव्हतं. उभं होतं. माणसाएवढं उंच, वर निमुळतं. पाखरं त्याला घासून जात होती, पण त्यातून एकही जात नव्हतं. त्याच्या पायाशी मासळीचा मोठा तुकडा तरंगत होता. त्याला कोणी चोच लावली नाही.

मग एका सुरयाच्या मागे दुसरा लागला. भांडणाच्या भरात पुढचा सरळ त्या भोकात शिरला. दुसऱ्या बाजूने बाहेर आला नाही. पिससुद्धा खाली पडलं नाही. मागचा हवेतच वळला आणि ओरडत सुटला.

सकाळी ते मध्यावर होतं. दुपारी टोकाच्या पायथ्याशी. म्हणजे पाखरं त्याच्यापासून पळत असली तरी ते पाखरांपासून पळत नाही. पाखरं जमतात तिथे ते येतं. आणि मी पाखरांना जेवायला बोलावलं.

२६ मार्च

सकाळी पेटी भरली. लपवत नाही. काकूंना म्हणालो, ताईची तब्येत बरी नाही. बसथांब्यापर्यंत गेलो. तिथून घराची मागची बाजू दिसते.

काकू रोज सकाळी मागच्या पायरीवर उभ्या राहून खरकटं टाकतात. गावातले सगळे कुरव तिथे असतात. कुंपणाची भिंत, छप्पर, कपडे वाळत घालायची तार, कुठे बोट ठेवायला जागा नसते. आज फाटकाजवळ जागा होती. भिंतीवर पाखरं खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि फाटकाशी मध्येच दार उघडं टाकल्यासारखी मोकळी जागा. काकू त्यांना अधाशी, मेल्यांनो, असं काहीबाही म्हणत पाव फेकत होत्या. त्यांचा बोका शेपटी ताठ करून निघाला, फाटकापाशी पडलेल्या तुकड्याकडे.

बस आली. दार उघडलं. चालकाने विचारलं, येतोस ना? मला बोका दिसत नव्हता. तुकडा तसाच पडलेला होता.

मी धावलो. घराकडे. हे अक्षर वाचता येईल असं ठळक काढतो. मी घराकडे धावलो.

काकूंना दंडाला धरून आत ओढलं. त्या भडकल्या. मी सांगितलं, खरकटं टाकू नका. म्हणाल्या, का रे, तुझ्या पाखरांना माझी खरकटी पचत नाहीत? मी सगळं सांगून टाकलं. त्या हसायला लागल्या, मग बोक्याला हाका मारायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या.

काका हसले नाहीत. म्हणाले, आधीच्यालाही शेवटी शेवटी रोज बादली लागायची. मी विचारलं, कशाला? म्हणाले, ते मी विचारलं नाही.

आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं. तो पाखरं वर बोलावत होता, खाली गावात येऊ नयेत म्हणून. काकू त्या राखी कोटाकडे बघत होत्या. तो माझ्या अंगात होता.

“म्हणजे तो पळाला नव्हता,” त्या म्हणाल्या. “आणि मी गावभर सांगत सुटले.”

बादली घेऊन वर गेलो. ओतली. भिंतीवरची पाखरं उठून टोकाकडे आली. मागोमाग ते आलं.

२९ मार्च

काकांचं म्हणणं असं: वसंत संपला की पाखरं उत्तरेला जातील आणि तेही त्यांच्यामागे जाईल. गेल्या साली गेलंच असणार, नाहीतर वर्षभर घर सुखरूप राहिलं नसतं. तोवर त्याला गावात येऊ द्यायचं नाही. धक्क्यावर शाळा सुटल्यावर पोरं कुरवांना पाव टाकतात. काका तिथे जाऊन बसायला लागले आहेत. पोरांवर खेकसतात, काठी आपटतात. गावात त्यांना आता खवीस म्हणतात. ते म्हणाले, म्हणू दे.

मला म्हणाले, तू घरी जा, वर मी बसतो. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघून हसलो. तेही हसले.

बाईंना फोन केला. वारा म्हणाल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणालो.

९ एप्रिल

रोजचं काम ठरून गेलं आहे. उजाडताना वर यायचं, बादली ओतायची. पाखरं येतात, ते येतं. संध्याकाळी पाखरं खडकांवर झोपायला गेली की ते म्हातारीकडे जातं. मी खाली उतरतो.

कचेरीचं कामही चालू आहे. कोणत्या दिवशी कोणते पक्षी गेले, सगळं लिहिलेलं आहे, आणि शुद्ध. ते समोर असताना मी ‘क्षितिज’ लिहिलं आणि दोन्ही इकार ऱ्हस्व आले. यात मला जी मजा वाटली ती कोणाला सांगून कळणार नाही.

भीती गेलेली नाही. भीती आहे तशीच आहे. फक्त आता ती माझ्याबरोबर स्टुलावर बसते, मला उठवत नाही.

लंगडी रोज हातातून मासा घेते. पाखरं सरकतात तेव्हाही ती सरकत नाही. जागेवर उभी राहून त्या बाजूला चोच उघडते. तिच्याकडे बघून मीही आज तोंड उघडलं. म्हणालो, बघून घेईन. आवाज चिरका आला. पण आला.

१५ एप्रिल

टोकावर चढलं आहे.

आधी पाण्यावर असायचं. आज कड्याच्या गवतावर पाखरं बसली होती, आणि त्यांच्यात ते. गवत दबत नाही. सावली नाही. फक्त पाखरं नाहीत.

हळू चालतं. घाई नाही त्याला. मलाही नाही.

१८ एप्रिल

सुरय गेले. बाण तुरळक. काका म्हणतात, आणखी आठवडा, फार तर.

अडचण अशी की पाखरं कमी झाली की ते कुठे आहे ते कळत नाही. आज दुपारी बराच वेळ एकही पाखरू नव्हतं. नुसतं ऊन आणि गवत. मी सगळीकडे बघत होतो. ते कुठेही असू शकत होतं. बाजूला, मागे —

बादली दुप्पट करायला सांगितली.

२१ एप्रिल

काकूंनी जेवण वर आणून द्यायचा हट्ट धरला. मी ओरडलो. मी कोणावर कधी ओरडलेलो नाही. दोराच्या खालच्या टोकाशी ठेवून गेल्या. डब्यावर लोकरीचे हातमोजे होते, नवे, एका बोटाची वीण चुकलेली. लाल रंगाचे. लांबून दिसावेत म्हणून, असं काकांकरवी सांगितलं. रोज संध्याकाळी मी उतरताना त्या मागच्या पायरीवर उभ्या असतात. हात वर कर म्हणाल्या. करतो.

२३ एप्रिल

चौकीच्या छपरावर पाखरं. दाराबाहेर पाखरं. दारासमोर एक वाट मोकळी. कड्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत.

फळी लावून घेता आली असती. लावली नाही. फळी लावली तर पाखरं दिसणार नाहीत आणि पाखरं दिसली नाहीत तर —

उघडीच ठेवली.

२४ एप्रिल

ताईला पत्र टाकलं. तब्येत ठीक, काम चांगलं, वारा फार. खोटं एकही नाही.

२५ एप्रिल

आज बाण गेले. शेवटचे. रांगेने, कुठेही न फाटता, सरळ म्हातारीसमोरून उत्तरेला.

ते त्यांच्यामागे गेलं नाही.

काकांचा अंदाज चुकला. पाखरांच्या मागे ते जात असेल, पण अजून कुरव इथे आहेत आणि मी आहे. बहुतेक मीच — नाही. हे लिहून ठेवणार नाही. गेल्या साली ते परत गेलं, ते कोणाला घेऊन गेलं, हे मला कळलं आहे. काकांनाही. आज बादली देताना ते रडत होते. मी म्हणालो, कडी सोडा, काका.

सोडली.

२६ एप्रिल

सकाळ. स्वच्छ ऊन. कोट घातला आहे, लाल हातमोजे घातले आहेत. लिहायला अवघड जातं, अक्षर वेडंवाकडं येतंय. क्षमा असावी.

घाण ओतली. गावातले सगळे कुरव वर आले. भिंत रिकामी, धक्का रिकामा, दिसतंय इथून. चांगलं झालं.

वाट उंबऱ्याच्या आत आली आहे. किटलीपर्यंत.

काकू, हे तुमच्यासाठी: मागच्या पायरीवर खरकटं टाकू नका. यापुढे कधीच नाही. आणि बाईंना सांगा, पुढच्या वसंतात इथे माणूस ठेवू नका. जागेवर राहा, तेच येतील, हे त्यांचं खरं आहे.

बस सकाळी असते. मला आठवण आहे. जात नाही.

थोड्या वेळाने

लंगडी आली. स्टुलाशेजारी उभी आहे. पाखरं आत शिरली आहेत, जमिनीवर, फळीवर, दुर्बिणीवर. कधी नव्हे इतकी. मी मोकळी जागा शोधतोय. दारात नाही. किटलीपाशी नाही. कोपऱ्यात नाही. कुठेच नाही —

गेलं?

लंगडीला मासा दिला. घेत नाही. माझ्याकडे बघते आहे. मागे सरकते आहे. ती कधी —

सगळीच मागे सरकताहेत. गोल. माझ्याभोवती —

बरं. इथे आहे म्हणजे खाली नाही.

थंड आहे. बोटं — मोजे आहेत तिथे थंड नाही. काकूंना सांगा.

मी उठलेलो नाही. स्टुलावर बसलो आहे. ताई, भावजींना सांग, ससा बिळात नाही. ससा टोकावर, जागेवर, अजून —